तिसऱ्या तारेशिवाय दिवे धावत नाहीत

दिव्यांच्या माळेतला प्रकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जाताना का दिसतो, असे विज्ञानाची थोडीफार आवड असलेल्या माणसाला विचारले, तर बहुधा ‘दृष्टिसातत्यामुळे’ असे उत्तर येते. डोळ्याच्या पडद्यावर उमटलेली प्रतिमा सुमारे १/१६ सेकंद टिकते, हे शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते आणि तेच येथे लावले जाते. परंतु प्रतिमा टिकून राहण्याने एवढेच होईल की विझलेला दिवा क्षणभर उजळ भासेल, शेजारचा दिवा तोवर लागलेला असेल, आणि दोन्ही एकदमच पेटल्यासारखे वाटतील. त्यातून प्रकाशाचा पट्टा दिसेल, धाव दिसणार नाही. शिवाय सणासुदीच्या माळा सेकंदाला पाच-सहा पावलेच टाकतात. त्या गतीला प्रत्येक दिवा लागलेला आणि विझलेला आपल्याला स्पष्ट कळतो, आणि तरीही काहीतरी पुढे सरकत गेल्याचे दिसतेच.

हा प्रश्न आता निव्वळ कुतूहलाचा राहिलेला नाही. मोबाइलवरून चालणारे दिवे इंदूरच्या मराठी घरांतही आले आहेत, आणि गणपतीच्या मखराभोवती किंवा दिवाळीत दाराच्या तोरणात दिवे धावते करावेत, अशी इच्छा होणे साहजिक आहे. अ‍ॅपमध्ये ‘पहिला लाव, दुसरा लाव, पहिला विझव’ असा क्रम लिहून पाहिला की बहुतेकांची निराशा होते, कारण दिवे धावण्याऐवजी लुकलुकतात, अडखळतात, कधी उलटेही जातात. हे का होते, ते कळण्यासाठी तारांच्या आधी मेंदूकडे पाहावे लागते.

माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने फ्रांकफुर्टमध्ये याच प्रश्नावर प्रयोग केले आणि १९१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. निरीक्षकांत पुढे नावारूपाला आलेले वोल्फगांग कोहलर आणि कुर्ट कोफ्का होते. जवळजवळच्या दोन रेघा एकीमागून एक क्षणभर दाखवायच्या आणि त्यांच्यामधला अंधाराचा काळ बदलत जायचा, अशी त्याची पद्धत होती. हा काळ सुमारे ३० मिलिसेकंद असला तर दोन्ही रेघा एकाच वेळी दिसल्यासारख्या वाटत, ६० च्या आसपास एकच रेघ इकडून तिकडे सरकलेली दिसे, आणि २०० च्या आसपास दोन वेगळ्या रेघा एकापाठोपाठ आल्या असे वाटे. हे आकडे त्या प्रयोगातल्या अंतरांचे आणि प्रकाशाचे आहेत, सर्वत्र जसेच्या तसे लागू होणारे नव्हेत. आपल्या माळेत एक दिवा विझताक्षणी दुसरा लागतो, मध्ये अंधार जवळजवळ नसतो, म्हणून प्रत्येक दिवा २०० मिलिसेकंद उजळत राहिला तरी धाव तुटत नाही. मध्ये अंधाराची मोठी फट पडली की मात्र ती तुटते. ही फट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

गती ही प्रतिमांची आपोआप होणारी बेरीज नसून मेंदू ती स्वतंत्रपणे ओळखतो, याचा ठळक पुरावा १९८३ मध्ये म्युनिचच्या संशोधकांनी नोंदवला. मेंदूच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे इजा झालेल्या एका स्त्रीला रंग दिसत, आकार दिसत, माणसे ओळखू येत, पण हालचाल दिसत नसे. कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा वाटे, आणि कप भरत आला हे न कळल्याने तो वाहून जाई.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे वळतो. माळेतले दिवे ओळीने मांडलेले आहेत आणि ते एकाआड एक अशा दोन लाइनींवर, म्हणजे स्वतंत्रपणे चालू-बंद होणाऱ्या दोन तारांवर, जोडलेले आहेत, असे समजा. आधी सम क्रमांकाचे सगळे दिवे लागतात, मग विषम क्रमांकाचे, मग पुन्हा सम. पहिल्या क्षणी चौथा दिवा पेटलेला होता, तर दुसऱ्या क्षणी तिसरा आणि पाचवा पेटलेले असतात. चौथ्या दिव्याचा प्रकाश कुठे गेला? तिसऱ्याकडे म्हणा किंवा पाचव्याकडे म्हणा, दोन्ही अंतरे सारखीच आहेत. आधीच्या क्षणाच्या प्रत्येक प्रकाशबिंदूची जोडी मेंदू पुढच्या क्षणाच्या सर्वांत जवळच्या बिंदूशी लावू पाहतो, आणि येथे दोन बिंदू सारखेच जवळ असल्यामुळे दिशा ठरू शकत नाही. एका पाहणाऱ्याला दिवे उजवीकडे जाताना दिसतात, त्याच वेळी शेजारच्याला डावीकडे, आणि तिसऱ्याला नुसती उघडझाप दिसते. तोरणातले दिवे घराच्या आतल्या बाजूला धावले तर लक्ष्मी घरात येते आणि बाहेर धावले तर निघून जाते, असे गंभीर चेहऱ्याने सांगणारे अधूनमधून भेटतात. दोन लाइनींच्या तोरणात एकाच वेळी एकासाठी लक्ष्मी येत असते आणि दुसऱ्यासाठी जात असते, याचा हिशेब त्यांनी कसा ठेवला असेल, ते त्यांनाच ठाऊक.

आता दर तिसरा दिवा एका लाइनीवर घ्या, म्हणजे लाइनी तीन होतील. पहिला, चौथा, सातवा हे दिवे एका क्षणी, दुसरा, पाचवा, आठवा पुढच्या क्षणी, आणि तिसरा, सहावा, नववा त्याच्या पुढच्या. चौथा विझतो तेव्हा उजवीकडचा पाचवा एका घरावर असतो आणि डावीकडचा दुसरा दोन घरांवर. जवळचा जिंकतो, दिशा ठरते, दिवे धावू लागतात. वेग वाढावा म्हणून कोणी एका पावलात दोन घरे सरकवली, तर चौथ्याचा प्रकाश उजवीकडे सहाव्यावर जायला दोन घरे दूर, पण डावीकडे तिसरा एकाच घरावर! त्यामुळे सगळी माळ उलटी धावू लागते. पडद्यावरच्या टांग्याची चाके मागे फिरताना दिसतात त्याचे कारणही हेच आहे.

तीनपैकी कोणत्याही दोन लाइनींची अदलाबदल केली तरी धाव उलटते. इंदूरच्या कापड गिरणीत काम केलेल्या इलेक्ट्रिशियनला हे वाक्य ओळखीचे वाटेल, कारण थ्री-फेज (तीन तारांतून पाळीपाळीने चढउतरणाऱ्या विजेवर चालणाऱ्या) मोटरीच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा बदलल्या की मोटर उलटी फिरते. हे साम्य वरवरचे नाही. मोटरीच्या आतल्या वेटोळ्यांत चुंबकीय जोर एकामागून एक वाढत आणि ओसरत जातो, म्हणजे तीही एक धावती माळच असते, फक्त वर्तुळात मांडलेली. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची ही कल्पना गालिलेओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांनी १८८८ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. उलट, एकच फेज दिली तर क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होते. गणिताने पाहिले तर विरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांची ती बेरीज असते, म्हणजे आपली दोन लाइनींची माळच. म्हणून घरातल्या छताच्या पंख्याला कपॅसिटर लागतो. तो दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह वेळेत थोडा सरकवतो आणि दिशेचा तिढा सोडवतो. कपॅसिटर गेला की पंखा गुणगुणत राहतो, आणि हाताने ज्या बाजूला ढकलावा त्या बाजूला फिरू लागतो. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, तरी गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अनंत चतुर्दशीच्या रात्री अजून निघतात. त्यांवर धावणाऱ्या दिव्यांच्या लाइनी मोजून पाहाव्यात, निदान तीन तरी सापडतील.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रक स्वस्त होण्यापूर्वी हे काम मोटरीवर फिरणारा दंडगोल करत असे. त्याच्यावर तांब्याच्या पट्ट्या बसवलेल्या असत आणि त्या पाळीपाळीने एकेका लाइनीला वीज देत. घरच्या स्मार्ट स्विचमधल्या रिलेकडून, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या खटक्याकडून, हेच करून घेण्याचा मोह होतो, पण थोडा हिशेब करावा. माळ सेकंदाला पाच पावले टाकत असेल, तर तीनपैकी प्रत्येक रिले तासाला ६,००० वेळा चालू होईल. विजेचा भार असताना अशा रिलेचे आयुष्य साधारणपणे एक लाख वेळा उघडझाप एवढे धरतात, म्हणजे जेमतेम १७ तास. गणपती बसल्यापासून रोज संध्याकाळी चार तास माळ लावली, तर महालक्ष्म्यांच्या जेवणापर्यंत रिलेचे आयुष्य संपत येईल. साधे एलईडी बल्बही येथे कामाचे नाहीत. त्यांच्या बुडातल्या सर्किटमुळे अनेक बल्ब बटण दाबल्यावर क्षणभर उशिरा लागतात आणि विझतानाही रेंगाळतात.

मग अ‍ॅपमधून प्रत्येक बल्बला बिनतारी आज्ञा पाठवाव्यात काय? घरगुती स्वयंचलनाच्या पहिल्या प्रसिद्ध पद्धतीत, १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या एक्स-१० मध्ये, आज्ञा विजेच्या तारांतूनच जाई, आणि ६० हर्ट्झच्या विजेवर एका पूर्ण आज्ञेला ४७ आवर्तने, म्हणजे ०.७८ सेकंद लागत. आजच्या झिगबी पद्धतीत बिनतारी वेग सेकंदाला २,५०,००० बिट असला तरी जाळ्यातून आज्ञा पुढे ढकलत नेण्यात बराच वेळ जातो, आणि फिलिप्स ह्यू या स्मार्ट दिव्यांच्या प्रोग्रामरसाठीच्या सूचनेत एकेका दिव्यासाठीच्या आज्ञा सेकंदाला सुमारे दहापर्यंतच ठेवाव्यात असे म्हटले आहे. बारा बल्बांच्या धावत्या माळेत प्रत्येक पावलाला चार विझवायचे आणि चार लावायचे, म्हणजे पाच पावलांना सेकंदाला चाळीस आज्ञा झाल्या. वायफायवर त्या कशाबशा जातील, पण प्रत्येकीला लागणारा उशीर वेगळा असतो, आणि मघाची अंधाराची फट येथेच पडते. ‘एआय लायटिंग’ असे खोक्यावर छापल्याने हा उशीर कमी होत नाही.

उपाय असा की क्रम दिव्यांपाशीच ठेवावा. इंदूरच्या महाराणी रोडवरच्या विजेच्या सामानाच्या बाजारात मिळणाऱ्या एलईडी पट्ट्यांपैकी डब्ल्यूएस-२८१२बी जातीच्या पट्टीत प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप असते. सेकंदाला आठ लाख बिट या वेगाने प्रत्येकाला २४ बिट द्यायचे, म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद आणि शंभर दिव्यांना ३ मिलिसेकंद लागतात. शेजारी ईएसपी-३२ सारखा छोटा नियंत्रक बसवावा, आणि मोबाइलने किंवा घरातली उपकरणे चालवणाऱ्या होम असिस्टंट या प्रोग्रामने त्याला फक्त ‘सुरू’, ‘बंद’ आणि ‘वेग’ एवढेच सांगावे.

नियंत्रकातला प्रोग्राम लिहिताना ‘दिवा लाव, २०० मिलिसेकंद थांब’ असे लिहू नये. थांबण्याच्या वेळेत पट्टीला माहिती पाठवण्याच्या वेळेची भर पडते आणि पाऊल लांबते. दाराच्या एका बाजूला शंभर दिवे आणि दुसऱ्या बाजूला पन्नास दिवे असे दोन नियंत्रक असतील, तर प्रत्येक पावलाला दीड मिलिसेकंदाचा फरक पडतो, आणि सुमारे २७ सेकंदांत दोन्ही बाजू एका पूर्ण पावलाने चुकतात. त्याऐवजी दर वेळी घड्याळ विचारावे: झालेल्या मिलिसेकंदांना २०० ने भागून पूर्णांक घ्यावा, ते पाऊल, पावलाला तीनने भागून उरेल ती बाकी, ती पेटणारी लाइन. चूक झालीच तर ती साठत नाही. धाव उलटी करायची असेल तर बाकी दोनातून वजा करावी, तारांना हात लावावा लागत नाही. दोन नियंत्रक असतील तर दोघांनी इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यावी आणि ती दर काही मिनिटांनी पुन्हा जुळवावी, कारण नियंत्रकाच्या घड्याळाच्या क्रिस्टलमध्ये दशलक्षात पन्नास भागांची चूक असली तरी तासाला १८० मिलिसेकंदांचा फरक पडतो. अशा नियंत्रकांचा मिलिसेकंदांचा मोजक ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो, पण इतके दिवस चालणारा सण आपल्याकडे नाही.

जुन्या बल्बांची तार हळूहळू थंड होई, त्यामुळे धावणाऱ्या प्रकाशाला आपोआप शेपटी मिळे. एलईडीला ती द्यावी लागते. डोळ्याला निम्मा उजेड वाटण्यासाठी प्रत्यक्षात सुमारे २२ टक्केच उजेड पुरतो, म्हणून पुढच्या दिव्याला उजेडाचा सर्वांत मोठा आकडा, २५५, दिला तर मागच्यांना १२८, ६४, ३२ न देता ५६, १२, ३ द्यावे, म्हणजे शेपटी नीट विरत जाते. लांब शेपटीसाठी अर्थातच तीनऐवजी पाच-सहा दिव्यांचा फेर घ्यावा.

वेगाला खालची मर्यादा मनाजोगी ठेवता येते, वरची मात्र प्रोग्राममध्येच बांधून टाकावी. झगमगाटाने काहींना फिट येऊ शकते. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये एका व्यंगचित्र मालिकेतल्या लाल-निळ्या झगझगाटानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगझग नको असे म्हटले आहे. तो निकष आपल्या माळेला लावला, तर तीन लाइनींत एक दिवा दर तीन पावलांनी एकदा लागतो, म्हणून पाऊल १११ मिलिसेकंदांपेक्षा लहान नसावे. मी वेगाची पट्टी १२० वर थांबवतो.