आक्रा स्टेडियम : घानाच्या फुटबॉलचे घर आणि ९ मेची जखम

घानाची राजधानी आक्रा. तिथल्या ओसू भागात, समुद्राला लागून असलेल्या स्वातंत्र्य चौकाजवळ देशातले सर्वांत महत्त्वाचे फुटबॉल मैदान आहे. आज त्यात ४० हजार माणसे बसतात. आफ्रिकेतल्या सर्वांत भीषण क्रीडा दुर्घटनेमुळे जगाला ते माहीत झाले, पण त्याची गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते.

१९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला. पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांना फुटबॉलमध्ये आफ्रिकेच्या एकजुटीचे साधन दिसले आणि ते काम त्यांनी ओहेने जान यांच्यावर सोपवले. जान हे देशाचे पहिले क्रीडा संचालक. १९६२ मध्ये रिआल माद्रिदसारखा बलाढ्य संघ आक्रात आला आणि घानाच्या राष्ट्रीय संघाने, म्हणजे ‘ब्लॅक स्टार्स’नी, त्याला ३-३ असे बरोबरीत रोखले. पुढच्याच वर्षी आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात घानाने याच शहरात सुदानला ३-० ने हरवले. १९६६ च्या विश्वचषकावर आफ्रिकी देशांनी बहिष्कार घातला, त्यामागेही जान होते. आफ्रिका आणि आशिया यांना मिळून एकच जागा देणे हा अपमान आहे, ही त्यांची भूमिका. १९७० पासून आफ्रिकेला हक्काची जागा मिळाली, पण तोवर एन्क्रुमांची सत्ता उलथली होती आणि जान यांचे पदही गेले होते.

१९७८ मध्ये युगांडाला २-० ने हरवून घानाने इथेच तिसऱ्यांदा आफ्रिका चषक जिंकला आणि तो चषक कायमचा आपल्याकडे ठेवण्याचा मान मिळवला. मुष्टियुद्धाच्या मोठ्या लढतीही या मैदानाने पाहिल्या. घानाचा पहिला जगज्जेता डी. के. पॉयझन १९७६ मध्ये इथे डॅनी लोपेझकडून हरला.

डिसेंबर २००० मध्ये आक्राचा हार्ट्स ऑफ ओक हा क्लब ट्युनिसच्या एस्पेरान्सला हरवून आफ्रिकेचा क्लब विजेता ठरला. त्या सामन्यात प्रेक्षक बिथरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि खेळ थांबवावा लागला. विजयाच्या जल्लोषात हा इशारा विरून गेला. पाच महिन्यांनी घडले त्याला अपघात म्हणायला मन तयार होत नाही, ते यामुळेच.

बुधवार, ९ मे २००१. हार्ट्स आणि कुमासीचा आसान्ते कोटोको, म्हणजे देशातले सर्वांत कडवे वैर. कोटोको आघाडीवर होता, पण शेवटच्या काही मिनिटांत हार्ट्सने दोन गोल करून सामना २-१ ने फिरवला. कोटोकोचे संतापलेले समर्थक प्लास्टिकच्या खुर्च्या उपटून, बाटल्या उचलून मैदानात फेकू लागले. पोलिसांनी उत्तर दिले ते थेट गच्च भरलेल्या स्टँडमध्ये अश्रुधुराची नळकांडी फोडून. डोळे चुरचुरत, गुदमरत लोक जिन्यांकडे धावले. खाली काही दरवाजे बंद होते. मागचा लोंढा थांबेना आणि पुढच्यांना वाट मिळेना. १२७ जण मेले, बहुतेक छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने पोलिसांच्या अतिरेकावर बोट ठेवले. बंद दरवाजे आणि तोकडी वैद्यकीय मदत यांवरही ताशेरे ओढले. सहा पोलीस अधिकाऱ्यांवर खटला चालला. मृत्यू अश्रुधुराने नव्हे, चेंगराचेंगरीने झाले, असे म्हणत न्यायालयाने त्यांना सोडले. पण चेंगराचेंगरी कशामुळे झाली? ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांना या निकालाने कोणते उत्तर मिळाले असेल! स्टेडियमबाहेर एका चाहत्याला उचलून नेणाऱ्या दुसऱ्या चाहत्याचा पुतळा आहे. दरवर्षी ९ मेला मृतांचे स्मरण केले जाते.

२००४ मध्ये स्टेडियमला ओहेने जान यांचे नाव दिले गेले. आक्रा ही मूळची गा लोकांची भूमी. त्यांच्यातून या नावाला विरोध झाला. २०११ मध्ये महानगरपालिकेने ‘आक्रा स्पोर्ट्स स्टेडियम’ हे नाव लावले. आफ्रिकेचा हक्क जागतिक संघटनेत ठणकावून मांडणाऱ्या माणसाचे नाव असे पुसले जावे, हे मला खटकते. गा लोकांचा जमिनीवरचा हक्क मात्र तितकाच खरा आहे.

दरम्यान, २००८ च्या आफ्रिका चषकासाठी स्टेडियमची जवळजवळ नव्याने उभारणी झाली आणि सगळ्या प्रेक्षकांना बसायला जागा आली. उद्घाटनाच्या सामन्यात मुंतारीच्या उशिराच्या गोलाने घानाने गिनीला हरवले. उपांत्य फेरीत मात्र कॅमेरूनने यजमानांना बाहेर काढले आणि अंतिम सामन्यात अबूत्रिकाच्या एकमेव गोलावर इजिप्तने चषक नेला.

आता इथे संगीताचे कार्यक्रम आणि सभाही होतात, आणि मैदानाच्या गवताची चिंता सतत असते. तरी राष्ट्रीय संघाच्या मोठ्या रात्री इथेच रंगतात. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी मोहम्मद कुदुसच्या गोलाने कोमोरोसला १-० ने हरवून घानाने २०२६ च्या विश्वचषकातली जागा पक्की केली, तीही याच मैदानावर.