लॉक नसलेला चाकू: ब्रिटनमधल्या एका आवडीची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये रोज खिशात ठेवायला कोणता चाकू चांगला, हा विषय निघाला की फिरून फिरून तीच नावं येतात. ९१ मिलिमीटरचा लाल स्विस चाकू. त्याच घराण्यातला ९३ मिलिमीटरचा, अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराचा लॅम्बफूट, म्हणजे सरळ धारेचा आणि बोथट टोकाचा जुना कामाचा चाकू. ओपिनेल या फ्रेंच चाकूचे लहान आकार. आणि अलीकडे यूकेपीके नावाचा एका अमेरिकन कंपनीचा चाकू. पोलाद वेगळं, मूठ वेगळी, किमतीत तर जमीन-अस्मानाचं अंतर. पण यातल्या एकाही चाकूचं पातं उघडल्यावर लॉक होत नाही, आणि एकाचीही धार ३ इंचांच्या पुढे जात नाही. अमेरिकेतल्या शौकिनांना यातले निम्मे चाकू खेळण्यातले वाटतील. ब्रिटिश माणसाची आवड अशी का घडली याचं उत्तर कारागिरीत थोडंच सापडतं. बरंचसं सापडतं ते १९८८ च्या एका कायद्यात, आणि त्याहून जास्त त्या कायद्याच्या एका अर्थात.

जुना इतिहास थोडक्यात. शेफिल्डच्या चाकूचा उल्लेख चौदाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी काव्यातही आहे. तिथल्या चाकू-कारागिरांचा संघ १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाला. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांवर पाणचक्क्या, चक्क्यांवर सहाणेचे मोठे दगड, आणि त्या दगडांची धूळ फुप्फुसात जाऊन अकाली मरणारे धार लावणारे कामगार, असं ते शहर होतं. घडीच्या चाकूला पाठीमागून स्प्रिंग बसवण्याची पद्धत इथेच रुळली. पात्याच्या बुडाशी दाब देणारी एक पोलादी पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती बुडाच्या एका सपाट बाजूवर बसते, मिटलं की दुसऱ्या बाजूवर. पातं अडकवलेलं नसतं, फक्त दाबून धरलेलं असतं. त्यामुळे उघडलेल्या चाकूच्या पाठीवर जोर पडला तर तो मिटतो, आणि मिटताना मधे बोट असेल तर बोट कापतो.

लॉक आला तो याच दोषावर उपाय म्हणून. पाठीकडे खाचेत अडकणारा लॉक एकोणिसाव्या शतकातही होता, पण तो घरोघरी पोहोचला १९६४ मध्ये बाजारात आलेल्या एका अमेरिकन शिकारी चाकूमुळे. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कंपनीने पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप असलेला चाकू काढला. एका हाताने उघडणारा, उघडल्यावर घट्ट बसणारा आधुनिक चाकू म्हणतात तो साधारण हाच. ब्रिटनमध्ये नवा कायदा लिहिला जात होता तेव्हा दोन्ही प्रकारचे चाकू जगाच्या बाजारात होते.

त्याआधीचा कायदा १९५३ चा. सार्वजनिक ठिकाणी वाजवी सबबीशिवाय घातक हत्यार बाळगू नये, एवढाच त्याचा आशय. साध्या चाकूच्या बाबतीत, तो दुसऱ्याला इजा करण्याच्या हेतूनेच जवळ ठेवला होता हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागे. १९५९ मध्ये बटन दाबताच उघडणारे आणि झटक्याने उघडणारे चाकू बनवण्या-विकण्यावर बंदी आली. आपल्याकडच्या रामपुरीचे हे विलायती चुलतभाऊ. खिशातल्या साध्या चाकूला मात्र कोणी हात लावला नव्हता.

१९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम १३९ ने बाजू उलटवली. सार्वजनिक ठिकाणी पातं किंवा टोक असलेली वस्तू जवळ असणं हाच गुन्हा झाला, आणि ती बाळगायला योग्य कारण होतं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर आली. काम, धर्म आणि राष्ट्रीय पोशाख ही कारणं कलमातच नोंदलेली आहेत. शीख माणसाचं कृपाण आणि स्कॉटिश पोशाखातला मोज्यात खोचायचा चाकू त्यात बसतात. पण तेव्हा जवळजवळ प्रत्येक म्हाताऱ्याच्या खिशात सफरचंद सोलायचा चाकू असे. म्हणून एक उपकलम जोडलं गेलं: घडीच्या खिशातल्या चाकूला हे कलम लागू होईल ते त्याची धार ३ इंचांपेक्षा जास्त असेल तरच. मोजायची ती धार, अख्खं पातं नव्हे. ‘घडीचा खिशातला चाकू’ म्हणजे काय, हे मात्र कायद्यात कुठेच सांगितलं नाही. लॉकचा तर उल्लेखही नाही.

सगळं घोडं इथे अडलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दोन प्रकरणं एकत्र वरच्या न्यायालयात गेली. चाकू घडीचे होते, धार ३ इंचांच्या आत होती, पण पातं उघडल्यावर लॉक होत होतं आणि मिटवण्यासाठी बटन दाबावं लागत होतं. न्यायालयाने ठरवलं की सवलत मिळायची तर चाकू कोणत्याही क्षणी, नुसत्या मिटवण्याच्या क्रियेने, लगेच मिटला पाहिजे. आधी बटन दाबायचं आणि मग मिटवायचं, तर ती वेगळी पायरी झाली. लॉक झालेला चाकू त्या अवस्थेत घट्ट पात्याच्या, म्हणजे मुळात न मिटणाऱ्या, चाकूसारखाच असतो. सवलत नाकारली गेली.

या अर्थाला स्वतःचा तर्क आहे. घट्ट पात्याच्या चाकूला या कायद्यात लांबीची सवलत मुळीच नाही. पातं एका इंचाचं असलं तरी कारण द्यावं लागतं. भोसकताना पातं हातावर मिटण्याची भीती हल्लेखोराला थोडीतरी थोपवते, आणि लॉक ती भीती काढून टाकतो, हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरी निकाल वाचताना एक गोष्ट खटकत राहते. आरोपीच्या खिशातला चाकू मिटलेला असतो, आणि त्याचा कायदेशीर दर्जा ठरतो तो नसलेल्या अवस्थेवरून. शब्द ‘घडीचा’ आहे, चाकू घडी होतो, खिशात घडी होऊनच असतो, तरी तो घडीचा नाही! शिवाय दोरी कापणाऱ्या, खोका फोडणाऱ्या, फांदी तासणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लॉक ही सुरक्षिततेची सोय आहे. चाकूने होणाऱ्या रोजच्या जखमा बहुतेक स्वतःच्याच बोटाला होतात. या निकालाने बोट वाचवणारा चाकू गुन्ह्याच्या बाजूला टाकला आणि बोटावर मिटणारा चाकू सवलतीत ठेवला.

१९९८ मध्ये हाच वाद अपील न्यायालयात पोहोचला. मधल्या काळात न्यायव्यवस्थेच्या सर्वोच्च पातळीवर एक नवी वाट खुली झाली होती: कायद्याचा शब्द संदिग्ध असेल तर विधेयक मांडताना मंत्री संसदेत काय बोलले ते पाहता येईल. बचाव पक्षाने ती वाट धरायचा प्रयत्न केला. न्यायालयाला ती विधानं हवी तितकी स्पष्ट वाटली नाहीत, आणि आधीचा अर्थ कायम राहिला. सरकारी माहितीपत्रकं आजही सरळ सांगतात की लॉकचा चाकू हा घडीचा चाकू नव्हे.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती शिक्षेची चढण. पहिला निकाल लागला तेव्हा या कलमाखाली फक्त दंड होता. १९९६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणली, २००६ च्या कायद्याने ती चारवर नेली, आणि २०१५ पासून प्रौढ व्यक्तीला दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सहा महिन्यांची कैद ठरली. व्याख्या मात्र दंडाच्या जमान्यातलीच राहिली. दंडापुरता खपून जाणारा काटेकोरपणा चार वर्षांच्या कैदेला पुरेसा आहे का, हा प्रश्न संसदेने स्वतःला विचारायला हवा होता.

याच कलमाखालचे दुसरे दोन निकाल शौकीन मंडळी एकमेकांना हमखास सांगतात. १९९८ मध्ये स्क्रूड्रायव्हर पात्याच्या वस्तूंतून सुटला. २००५ मध्ये लोणी लावायची सुरी, धार नाही आणि टोक नाही तरी, पात्याची वस्तू ठरली. आणि चाकू खिशात राहिल्याचं विसरलो, हे एकटं कारण न्यायालयांनी योग्य कारण मानलेलं नाही. मासे पकडायला नेलेल्या चाकूचं कारण मासेमारीपुरतं. आठवड्यानंतर तो गाडीच्या कप्प्यात सापडला तर अडचण.

बाजाराने या सगळ्याशी जुळवून घेतलं, आणि आवडीही तशाच वळल्या. ओपिनेलचं उदाहरण बोलकं आहे. १८९० मध्ये फ्रान्सच्या साव्हुआ भागात सुरू झालेला हा शेतकऱ्याचा चाकू आधी नुसत्या घर्षणावर चाले. १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरती कडी आली. ती फिरवली की पातं जागेवर अडकतं आणि बोट वाचतं. जगभर खपणाऱ्या ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, म्हणजे ब्रिटनमध्ये तो दोन्ही कसोट्यांवर बाद. ७ नंबरचीही तीच गत. ६ नंबर लांबीत बसतो, पण कडीमुळे अडकतो. उरतात कडी नसलेले ५ आणि त्याखालचे नंबर. म्हणून तिथल्या लोकांच्या आवडत्या यादीत एरवी पेन्सिल तासण्यापुरता वाटणारा आकार दिसतो. स्विस चाकूंतही हीच विभागणी आहे: ९१ आणि ९३ मिलिमीटरचे बिनलॉकचे चाकू चालतात, १११ मिलिमीटरच्या लॉकवाल्यांना कारण लागतं.

यूकेपीके तर या निकालाचंच अपत्य. अंगठ्याचं भोक आणि क्लिप आणणाऱ्या त्याच कोलोरॅडोच्या कंपनीने २००० नंतरच्या दशकात खास ब्रिटनसाठी लॉक काढलेला, ३ इंचांच्या जरा आतला चाकू तयार केला. लॉक काढल्यावर बोट वाचवायचं कसं? पात्याच्या बुडाशी बिनधारेची खोबण ठेवली आहे. तर्जनी तिथे धरली की पातं मिटू लागलं तरी आधी तो बोथट भाग बोटाला लागतो. चांगली युक्ती आहे. शेफिल्डच्या जुन्या पद्धतीच्या स्प्रिंगवाल्या चाकूंनाही या काळात नवे गिऱ्हाईक मिळाले, यात त्या निकालाचा वाटा नक्की आहे.

लॉकला सीमारेषा मानणारा ब्रिटन एकटा नाही. जर्मनीने एप्रिल २००८ पासून एका हाताने उघडणारे आणि लॉक होणारे चाकू कारणाशिवाय बाळगण्यावर बंदी आणली. त्याच वर्षीच्या नमुन्याचा स्विस सैनिकाचा नवा चाकू नेमका तसाच, एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा निघाला. भारतातून शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांची गफलत होते ती मापांमुळे. आपल्याकडच्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची भाषा आहे, तीही घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. दिल्लीच्या १९८० च्या अधिसूचनेत बटनाच्या आणि स्प्रिंगच्या चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे नेमके ३ इंच, असं माप आहे, पण ते त्या प्रकारच्या चाकूंपुरतं. घरी कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं असा चाकू लंडनच्या रस्त्यावर गुन्हा होऊ शकतो.

गेल्या काही वर्षांतले ब्रिटिश बदल वेगळ्या दिशेचे आहेत. २०१९ च्या कायद्याने बटनाचे चाकू घरात ठेवण्यावरही बंदी आणली आणि ऑनलाइन विक्रीत वयाची तपासणी कडक केली. सप्टेंबर २०२४ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये ‘झॉम्बी’ पद्धतीची लांब पाती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ‘निन्जा’ तलवारी बेकायदा ठरल्या. खिशातल्या छोट्या चाकूबद्दलचं उपकलम या सगळ्यात होतं तिथेच राहिलं. दुकानदार बिनलॉकच्या चाकूंवर ‘यूके लीगल’ अशी पाटी लावून मोकळे होतात. पण १९५३ चा कायदाही जागेवरच आहे, आणि स्वसंरक्षणासाठी ठेवलाय असं पोलिसाला सांगून टाकलं की दोन इंचांचा बिनलॉकचा चाकूही त्या कायद्याच्या कक्षेत येतो.