'मणका सरकलाय' म्हणजे नेमकं काय: स्कोलिओसिस आणि कायरोप्रॅक्टिकची पार्श्वभूमी

कोल्हापुरात पाठीचं काहीही निघालं तरी तोंडात पहिला शब्द येतो 'सरकलाय'. मणका सरकलाय, गादी सरकलीय, आणि एक्सरे काढला असेल तर 'गॅप पडलाय'. गेल्या काही वर्षांत स्कोलिओसिसच्या, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकलेल्या पोरापोरींना घेऊन आईबाप कायरोप्रॅक्टरकडं, म्हणजे हातानं मणक्यांवर दाब नाहीतर झटका देऊन उपचार करणाऱ्याकडं, का जायला लागलेत हे समजून घ्यायचं असेल तर मला वाटतं या शब्दापासनंच सुरुवात करावी लागेल, कारण अमेरिकेतनं आलेली पद्धत आणि आपल्याकडचा हा जुना शब्द एकमेकांत असे बसलेत की सांधा कुठं आहे तेच दिसत नाही.

तालमीत हा शब्द बरोबरच होता. पैलवानाचा खांदा निखळायचा, वस्ताद नाहीतर हाडवैद्य बोटांनी चाचपून तो बसवायचे, वरनं लेप आणि कामट्या बांधायचे. खांदा खरोखर जागचा हललेला असतो आणि खरोखर बसतो, बसल्याचं कळतंय पण. पाठीत उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय लावून घ्यायचा ही रीत अजून गावागावात आहे, आणि उसण बऱ्याचदा दोनचार दिवसांत आपली आपण पण उतरते त्यामुळं पायाचा गुण आला असंच लक्षात राहतं. म्हणजे कुणीतरी हात लावला, काहीतरी जागेवर गेलं, बरं वाटलं, हा अनुभव इथं पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ ची, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावातली. योगायोग म्हणजे एक्सरेचा शोध पण त्याच वर्षीचा, जर्मनीतला. पहिली केस पाठीची नव्हतीच. एका माणसाला कमी ऐकू येत होतं, त्याच्या मणक्यावर दाब दिला आणि ऐकू यायला लागलं असा दावा होता. त्यावरनं पुढं सिद्धांत उभा राहिला की मणका जागेवरनं किंचित हलतो, नस दाबली जाते आणि बहुतेक रोग तिथनंच सुरू होतात. या हललेल्या मणक्याला कायरोप्रॅक्टिकमध्ये नाव पडलं सबलक्सेशन.

खरा गुंता इथं आहे. सबलक्सेशन हा शब्द हाडांच्या डॉक्टरांकडं आधीपासनं होता आणि त्याचा अर्थ सांधा अर्धवट निखळणं, जे एक्सरेत दिसतं, मापता येतं. कायरोप्रॅक्टिकमध्ये तोच शब्द वेगळ्या गोष्टीसाठी आला. १९१० च्या सुमाराला डॅव्हनपोर्टच्या त्यांच्या कॉलेजात एक्सरे मशीन आणलं गेलं ते सबलक्सेशन दाखवण्यासाठीच. पण सगळ्यांना सारखं दिसेल असं काही हाती लागेना, मग शब्दाचा अर्थच हळूहळू बदलत गेला, आधी हाड सरकणं होतं ते नंतर सांध्याची हालचाल अडकणं झालं, मग नसांच्या कामात बिघाड झालं. शेवटी ब्रिटनमध्ये त्यांच्याच व्यवसायाच्या नियामक संस्थेनं २०१० मध्ये सांगितलं की ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि ती रोगाचं कारण असल्याचा क्लिनिकल पुरावा नाही. सगळ्या कायरोप्रॅक्टरांनी ते मानलं असं नाही, त्यांच्यात यावरनं अजून दोन तट आहेत. पण आपल्याकडं ही भानगड पोचलीच नाही. आपल्याकडं सबलक्सेशनचं मराठी झालं 'मणका सरकला', आणि हा शब्द तर आधीच घरचा होता, मग कोण कशाला शंका घेईल.

आता स्कोलिओसिसकडं या. दहा ते अठरा वयात जो स्कोलिओसिस सगळ्यात जास्त दिसतो, ज्याचं कारण सापडत नाही, त्यात सरकलेलं असं काही नसतंच. मणके आपापल्या सांध्यातच असतात, पण वाढता वाढता सगळा कणाच बाजूला झुकतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळतो, बरगड्या त्या पिळाबरोबर जातात आणि मोठ्या कर्व्हमध्ये, म्हणजे बाक जास्त असेल तर, मणक्यांचा आकारच पाचरीसारखा होत जातो. म्हणूनच पोराला पुढं वाकवलं की एका बाजूची पाठ वर उचललेली दिसते. ही वाकवून बघायची तपासणी १८६५ पासनंची आहे आणि अजून तीच वापरतात. जे सरकलंच नाही ते बसवायचं कसं? आणि वाढीत तयार झालेला आकार एका झटक्यानं कसा जाईल?

तरी लोकांना खात्री वाटते याचं मोठं कारण आवाज. 'कडाक' झालं की मणका बसला असं आपण धरून चालतो. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते त्याचा तो आवाज. १९४७ मध्ये यावर पहिला गंभीर अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये बोटाच्या सांध्याचं एमआरआय चालू असताना प्रत्यक्ष चित्रीकरण झालं. धडधाकट माणसाच्या पाठीतनं पण तोच आवाज येतो.

अमेरिकेतल्या कोर्टाच्या निकालाचा दाखला पण बरेच जण देतात. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९६३ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या विरोधात एक समितीच नेमली होती, आणि डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरशी संबंध ठेवायचे नाहीत असा नियम होता. १९७६ मध्ये कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले, १९८७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. संघटनेचं वागणं चूकच होतं असं माझं पण मत आहे. पण ती केस धंद्यातल्या स्पर्धेच्या कायद्याखालची होती, उपचारानं कर्व्ह कमी होतो का यावर त्या निकालात काही नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी की बराच काळ दुसऱ्या बाजूकडं, म्हणजे डॉक्टरांकडं पण ठणठणीत पुरावा नव्हता. कर्व्ह मापायची कॉब अँगलची पद्धत १९४८ ला रूढ झाली, दहा अंशांच्या वर गेला तरच स्कोलिओसिस म्हणायचं. हनुवटीपासनं कमरेपर्यंतचा ब्रेस, म्हणजे कर्व्ह वाढू नये म्हणून अंगावर घालायचा आधार, १९४० च्या दशकात आला, रॉड घालून करायचं ऑपरेशन १९६० च्या आसपास स्थिरावलं, काखेखाली राहणारा प्लॅस्टिकचा ब्रेस १९७० च्या दशकात. पण ब्रेसनं खरंच फरक पडतो की कर्व्ह तसाही थांबला असता, यावर डॉक्टरांच्यातच वाद होता. तो २०१३ मध्ये बऱ्यापैकी मिटला. अमेरिका आणि कॅनडातल्या पंचवीसेक केंद्रांतल्या पोरांवर अभ्यास झाला, ब्रेस घातलेल्यांत ७२ टक्के पोरांचा कर्व्ह ५० अंशांच्या खाली राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. फरक इतका उघड होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला. रोज सरासरी १३ तासांच्या वर घातला त्यांच्यात यश ९० टक्क्यांच्या पुढं गेलं. या अभ्यासाचं नेतृत्व पण आयोवातनंच झालं, जिथं कायरोप्रॅक्टिक जन्मलं त्याच राज्यातनं.

कायरोप्रॅक्टिकच्या बाजूनं स्कोलिओसिसवर जे आहे ते बहुतेक एकेका पेशंटचे किंवा छोट्या गटांचे रिपोर्ट. २००१ मध्ये त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी सहा ते बारा वयाच्या ४२ पोरांवर उपचार करून बघितलं, कर्व्हवर परिणाम दिसला नाही. आधीचा आणि नंतरचा एक्सरे शेजारी ठेवून दाखवतात त्याबद्दल एवढं लक्षात ठेवा की कॉब अँगल मापण्यातच पाच अंशांपर्यंत फरक पडू शकतो, आणि उभं राहून काढलेल्या एक्सरेपेक्षा झोपून काढलेल्यात कर्व्ह कमी दिसतो. मोठ्या माणसांच्या कंबरदुखीला मॅनिप्युलेशननं, म्हणजे हातानं झटका देऊन सांधा हलवण्यानं, थोडाफार आराम पडतो, ते खोटं नाही. पण दुखणं कमी होणं वेगळं आणि वाढत्या पोरीचा कर्व्ह थांबणं वेगळं.

कोल्हापुरात हे सगळं वाढलं ते लॉकडाउननंतर. मानेला पट्टा लावून ओढायचे रील्स घराघरात पोचले. आपल्याकडं कायरोप्रॅक्टिकला स्वतंत्र कौन्सिल नाही, आरोग्यक्षेत्रातल्या व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात फिजिओथेरपी आली आहे. अमेरिकेत या पदवीला कॉलेजनंतर साधारण चार वर्षं जातात, इथं थोड्या दिवसांचा कोर्स केलेला माणूस पण पाटीवर तेच लिहितो आणि पेशंटला त्यातला फरक कळायचा काही मार्ग नाही. त्यात ब्रेस म्हणजे एप्रिल-मेच्या उकाड्यात युनिफॉर्मखाली प्लॅस्टिकचं कवच, शाळेतल्या पोरींच्या नजरा, आणि घरात आजीचा प्रश्न की उद्या लग्नाच्या वेळी कळलं तर? दोन सिटिंगमध्ये सरळ होईल असं कुणी म्हटलं तर आई तिकडंच जाणार, तिला मी दोष देत नाही. मला राग वेळेचा येतो. २५ ते ४० अंशांच्या कर्व्हला ब्रेसचा उपयोग होतो तो वाढ बाकी आहे तोवरच, आणि पोरीची सगळ्यात जोराची वाढ साधारण पाळी सुरू व्हायच्या आधीच्या वर्षात होते. ते महिने गेले की गेले.

आमच्या घरात हे झालंय. बहिणीच्या पोरीचा एक खांदा खाली आहे हे पहिल्यांदा शिंप्याच्या लक्षात आलं, युनिफॉर्मचं माप घेताना. एक्सरेत २८ अंश निघाले. डॉक्टरांनी ब्रेस सांगितला, आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि दर शनिवारी तिला पाठ मोडून घ्यायला न्यायला लागलो. दहा महिन्यांनी ३७. नंतर मिरजेला दाखवलं, ब्रेस लागला, आता ती सोळा तास घालते आणि गेल्या दोन एक्सरेत आकडा हललेला नाही. परवा पहिली फाइल काढून बघितली. रिपोर्टवर 'कर्व्ह' असंच लिहिलंय, सरकल्याचा शब्द कुठंच नाही. घरी येऊन आजीला 'मणका सरकलाय' असं सांगितलं होतं ते आम्हीच.