‘फॅन्स!’च्या मागचा काळ : क्लब, कॉलेज आणि वर्गणीची भिंत

‘फॅन्स!’ हे वेबकॉमिक 1999 साली सुरू झालं. अमेरिकेतल्या एका कॉलेजातला विज्ञानकथा क्लब, त्यातली पोरं-पोरी आणि कथा-मालिका वाचून-बघून डोक्यात साठवलेलं त्यांचं ‘निरुपयोगी’ ज्ञान एके दिवशी खऱ्याखुऱ्या संकटात कामाला येणं, हे सगळं वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरून चालतो. इथे सांगायचंय ते ज्या काळात हे कॉमिक घडलं त्याबद्दल. त्यातही 2002 ते 2006 या वर्षांना जास्त जागा जाईल, कारण या कॉमिकचा विषय निघाला की बोलणं शेवटी तिथेच येऊन थांबतं : जुन्या पानांना कुलूप लावलं, म्हणजे ती फक्त वर्गणी भरणाऱ्यांनाच वाचू दिली, ते बरोबर होतं का?

मागचा इतिहास थोडक्यात. 1926 मध्ये न्यूयॉर्कमधून फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक निघालं. त्यात वाचकांची पत्रं छापताना खाली पूर्ण पत्ते दिले जायचे. वाचक एकमेकांना परस्पर लिहू लागले, आणि 1930 पर्यंत शिकागोतून त्यांची स्वतःची हौशी पत्रिकाही निघाली. 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं ‘जागतिक’ संमेलन भरलं, तेव्हा आयोजकांनी राजकीय भांडणावरून सहा तरुणांना दारातूनच परत पाठवलं. म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण, हा तंटा या मंडळींत अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे.

कॉलेजातले क्लब यानंतरचे. मॅसॅच्युसेट्समधल्या एका नामवंत तंत्रशिक्षण संस्थेत 1949 पासून असा क्लब आहे. त्याची ओळख भाषणं किंवा जल्लोष यांपेक्षा त्याच्या ग्रंथालयामुळे झाली. आम्ही चाहते वगैरे नाही, आम्ही नुसतं हे वाचतो, असं त्यांचं मिश्किल ब्रीदच आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अंतराळयानातल्या एका दूरचित्रवाणी मालिकेने आणि स्वस्त कागदी आवृत्त्यांनी ही जमात फोफावली. 1974 नंतर फासे टाकून खेळायचे भूमिकाखेळ आले आणि क्लबाची खोली रात्रीही भरलेली दिसू लागली. ‘फॅन्स!’मधला क्लब याच घडणीचा आहे : वाचणारा एक, खेळणारा एक, वेशभूषा करणारी एक, आणि सगळ्यांना सगळ्यांचं सगळं तोंडपाठ.

पण कॉलेज ही या कॉमिकची नुसती पार्श्वभूमी नव्हती, कॉलेज हीच तेव्हाची इंटरनेटची पायाभूत सोय होती. कोलोरॅडोतल्या एका विद्यापीठाभोवती फिरणारी चित्रपट्टी 1991 पासून यूझनेटवर, म्हणजे वेबच्या आधीपासूनच्या चर्चागटांच्या जाळ्यावर, फिरू लागली. 1993 मध्ये वेबवर आलेलं एक अगदी आरंभीचं व्यंगचित्र नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर राहत होतं. काढणारे विद्यापीठातले, वाचणारेही बहुतेक वसतिगृहातले, आणि जोडणीचं बिल भरणारी संस्था. त्यामुळे 1997-98 च्या सुमारास रोज एक चित्रपट्टी देणारी बरीच कॉमिक्स एकदम उगवली, तेव्हा त्यांतली पात्रं संगणकवाली, खेळवाली, वसतिगृहवाली निघाली याचं आश्चर्य वाटायला नको. वाचक तोच होता.

‘फॅन्स!’ या पिकातलं असूनही थोडं वेगळं होतं. त्याचा लेखक आणि चित्रकार वेगवेगळे. चित्रकार छापील कॉमिक्समधून आलेला. 1988 पासून त्याने आपल्या भावाबरोबर एका लोकप्रिय जपानी-अमेरिकी यंत्रमानव मालिकेच्या कॉमिक्सची चित्रं काढली होती. म्हणून पानाची मांडणी मासिकाची होती, वर्तमानपत्रातल्या तीन चौकटींची नव्हती. आणि गोष्ट लांब होती. तीन चौकटींत विनोद करून मोकळं होणारं कॉमिक कुठूनही वाचायला घेता येतं. साहसकथेचं 400 वं पान 399 पानांशिवाय फारसं काही सांगत नाही. ही साधी गोष्ट पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे, आणि तो वाद सांगताना हीच नेमकी सुटते.

आता पैशाकडे. मोफत जागा देणाऱ्या सेवांवर रोजच्या डेटाची मर्यादा असायची. स्वतःची जागा घ्यावी तर जितके वाचक जास्त तितकं बिल जास्त. चित्रं ही मजकुरापेक्षा कितीतरी जड, त्यामुळे लोकप्रिय होणं हाच खर्च होता. सुरुवातीला बॅनर जाहिरातींनी तो निघत असे. 2000-01 मध्ये डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि जाहिरातीचे दर कोसळले. वाचक वाढताहेत आणि त्यांच्यामुळेच बंद पडायची वेळ आलीय, अशी विचित्र परिस्थिती अनेकांवर आली.

यावर तीन उत्तरं पुढे आली. पहिलं, वाचकांकडून ऐच्छिक देणगी. दुसरं, वाचन मोफत ठेवून टी-शर्ट आणि छापील पुस्तकं विकणं. तिसरं उत्तर 2000 साली कॉमिक्सच्या भवितव्यावरच्या एका गाजलेल्या पुस्तकाने मांडलं होतं : वाचकाने दर वाचनामागे काही सेंट थेट कलाकाराला द्यावेत, मधला दलाल नको. या मायक्रोपेमेंटच्या कल्पनेवर 2001 च्या उन्हाळ्यात व्हिडिओ गेमवरच्या एका अतिलोकप्रिय कॉमिकच्या जोडगोळीने जाहीर टीका केली. पुस्तककर्त्यानेही तिला उत्तर दिलं. वेबकॉमिक्सच्या दुनियेतलं हे पहिलं मोठं वैचारिक भांडण म्हणता येईल, आणि दोन्ही बाजूंना आपलं नुसतं तत्त्व नव्हे तर पोटही सांभाळायचं होतं.

व्यवहारात अडचण अशी की क्रेडिट कार्डावरून काही सेंट घेणं परवडत नव्हतं. व्यवहाराचं शुल्कच त्याहून जास्त. तेव्हा मधला मार्ग म्हणून मार्च 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रकाशकाने वर्गणीवर चालणारा कॉमिक्सचा समूह सुरू केला. महिन्याला 2.95 डॉलर, त्यात अनेक कॉमिक्स. ताजं पान सगळ्यांना मोफत, जुनी पानं वर्गणीदारांना. कल्पना चालली म्हटल्यावर त्याच प्रकाशकाने भावंडं काढली : प्रायोगिक कॉमिक्ससाठी एक, स्त्री-वाचकांसाठी एक आणि सप्टेंबर 2003 मध्ये साहसी, हाणामारीच्या कॉमिक्ससाठी एक. या शेवटच्या साइटवर ‘फॅन्स!’ गेलं. त्या साइटचं संपादनही ‘फॅन्स!’च्या लेखकाकडेच होतं.

हा तपशील महत्त्वाचा आहे. लेखकाने एका दुकानात आपला माल ठेवला इतकंच ते नव्हतं. दुकानाच्या गल्ल्यावरही तोच बसला होता. नव्या साइटला वाचक आणायचे तर पानांचा मोठा जुना साठा असलेलं कॉमिक हवं. चार वर्षांची पानं हाताशी असलेलं ‘फॅन्स!’ यासाठी सोयीचं होतं. आजवर फुकट वाचलेली पानं एका दिवसात कुलपात गेली म्हणून काही वाचक चिडले असतील तर ते समजण्यासारखं आहे. पण त्याला लोभ म्हणणं अन्यायाचं ठरेल. 2003 मध्ये चालू असलेले पर्याय पाहता वर्गणीतून पुढच्या महिन्याचा आकडा निदान आधी कळत होता. देणगीत तेही नव्हतं.

प्रश्न कुलूप कोणत्या दाराला लावलं हा आहे. विक्रेत्याच्या बाजूने विचार केला तर साखळीकथेचा जुना साठा हीच खरी किमती चीज : गोष्टीत अडकलेला माणूस मागची पानं वाचायला पैसे देईलच. नव्या वाचकाच्या बाजूने पाहिलं तर त्याला मोफत मिळतंय ते 400 वं पान, ज्यात कोण कुणावर का ओरडतंय हेच कळत नाही. तो गोष्टीत अडकणार कधी? चौकटी-विनोदाच्या कॉमिकला हा नियम सोसतो. लांब साहसकथेला तो उलटा लागतो, आणि ही साइट तर साहसकथांचीच होती. माझं मत स्पष्ट सांगतो : वर्गणी ठेवणं चूक नव्हतं, ती साठ्यावर ठेवणं चूक होतं.

भारतातून वाचणाऱ्यांचा विचार तर त्यात कुणीच केला नसावा. 2.95 डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने 140 रुपयांच्या आसपास. रक्कम मोठी नव्हती असंही कुणी म्हणेल. पण डॉलरमध्ये चालणारं कार्ड किती कॉलेजकुमारांच्या खिशात होतं? पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्याला ते कुलूप म्हणजे सरळ पूर्णविराम होता.

त्याच 2003 मध्ये मायक्रोपेमेंटचाही प्रयोग झाला. कॉमिक्सच्या भवितव्यावरच्या त्या पुस्तकाच्या लेखकाने स्वतःचं कॉमिक 25 सेंटला विकलं, एका नव्या कंपनीच्या यंत्रणेतून. सप्टेंबरात, म्हणजे साहसी कॉमिक्सची वर्गणी-साइट सुरू झाली त्याच महिन्यात, न्यूयॉर्कच्या एका इंटरनेट-भाष्यकाराने लेख लिहून या साऱ्या खटाटोपाला मोडीत काढलं. त्याचं म्हणणं होतं, किंमत कितीही लहान असो, ‘द्यावे की न द्यावे’ हे ठरवायचा मनस्ताप लहान होत नाही. आणि शेजारी तसंच काही फुकट मिळत असेल तर वाचक तिकडेच जाईल. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचं म्हणणं खरं ठरत गेलं. जून 2003 मध्ये एका शोधयंत्र कंपनीने छोट्या साइटलाही आपोआप जाहिराती देणारी योजना आणली होती. 2006 मध्ये एका वेबकॉमिककारानेच खास कॉमिक्सच्या जागांचा लिलाव करणारी जाहिरात-सेवा सुरू केली. जाहिरात परत आल्यावर कुलपाचं कारणच उरलं नाही. 25 सेंटवाल्या कंपनीने जानेवारी 2007 मध्ये गाशा गुंडाळला. वर्गणीच्या साइट्स एकामागून एक मोकळ्या होत गेल्या आणि 2013 पर्यंत तो सारा समूह बंद झाला. ‘फॅन्स!’ची मूळ कथा 2005 मध्येच संपली होती. पात्रं पुढे परतली ती मोफत वाचता येणाऱ्या पानांवर.

गंमत म्हणजे वाचकाकडून थेट पैसे घ्यायची कल्पना या पडझडीनंतरच मूळ धरून बसली. 2012 च्या फेब्रुवारीत काडीसारख्या रेघांनी काढलेल्या माणसांचं एक कल्पनारम्य वेबकॉमिक पुनर्मुद्रणासाठी वाचकांकडून साडेबारा लाख डॉलर जमवू शकलं. 2013 मध्ये वाचकाने कलाकाराला दरमहा पैसे देऊन आश्रय देण्याची यंत्रणा आली. फोनवर उभी सरकणारी कोरियन धाटणीची कॉमिक्स 2014 पासून इंग्रजीत आली, त्यांनीही पुढे पैसे घेऊन पुढचे भाग आधी दाखवायला सुरुवात केली. या नव्या मार्गांत बहुतेक ठिकाणी वाट उलटी आहे. जुनी पानं मोकळी, ताजी पानं पैसे देणाऱ्याला आधी. ज्याला गोष्टीची चटक लागलीय तोच पैसे देतो, आणि चटक लागायला काहीच द्यावं लागत नाही. 2003 च्या साइटवर तंत्रज्ञानाची अशी कोणतीच अडचण नव्हती की हे तेव्हा करता येऊ नये. ताजं पान एक आठवडा वर्गणीदारांसाठी राखून ठेवायचं, इतकंच करावं लागलं असतं.