'१ एमएस' नक्की कशाचे? मोशन ब्लर आणि इनपुट लॅगची पार्श्वभूमी

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर '१ एमएस' (मिलिसेकंद; मुळात पिक्सलला रंग बदलायला लागणारा वेळ, म्हणजे रिस्पॉन्स टाइम) छापलेलं असतं आणि तरी गेममध्ये माऊस झटक्यात फिरवला की भिंतीवरची अक्षरं पुसट होतात, वाचता येत नाहीत. हाच मोशन ब्लर. यात मॉनिटर खराब असतोच असं नाही. त्या आकड्याचा अर्थच मधल्या वीस वर्षांत दोनदा बदललाय आणि दोन्ही वेळा बदल विकणाऱ्यांच्या सोयीने झाला, असं माझं तरी मत आहे.

ट्यूबवाल्या मॉनिटरबद्दल फार लिहीत नाही. तिथे ठिपका पेटायचा आणि एक-दोन मिलिसेकंदांत विझायचा, पुढची फ्रेम (पुढचं चित्र) येईपर्यंत तो भाग काळाच. सिग्नल पण थेट बीमला जायचा, मध्ये प्रोसेसिंग नाही, त्यामुळे ब्लर आणि लॅग (क्लिक केल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर) हे शब्दच कुणी फारसे वापरत नव्हतं.

मग एलसीडी आले. सुरुवातीचे पॅनल खरोखर मंद होते, २५ एमएस वगैरे, आणि तिथेच 'पिक्सल स्लो आहे म्हणून ब्लर होतो' हे डोक्यात पक्कं बसलं. त्यावर उपाय ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सलला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजचा धक्का द्यायचा म्हणजे तो लवकर पोचतो (धक्का जास्त झाला की पुढे जाऊन परत येतो आणि वस्तूमागे उजळ भूत दिसतं, ते वेगळंच). त्याच सुमारास मोजायची पद्धत पण बदलली. आधी काळ्यातून पांढरा आणि परत काळा अशी पूर्ण फेरी मोजायचे, नंतर एका राखाडी छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ, म्हणजे जीटीजी, आणि तोही साधारण १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतचाच. सुरुवातीचा आणि शेवटचा रेंगाळणारा भाग बाहेर! वर, शेकडो छटांच्या जोड्यांमधली सगळ्यात वेगवान जोडी निवडून तिचाच आकडा खोक्यावर.

पण खरी गडबड त्याच्याही पुढे आहे. समजा पिक्सल शून्य वेळात बदलतो, तरी ब्लर राहणारच, कारण एलसीडी फ्रेम दाखवून थांबतो, ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० वेळा नवं चित्र) १६.७ एमएस तेच चित्र जागच्या जागी उभं, आणि आपला डोळा मात्र वस्तूमागे सलग सरकत असतो, त्यामुळे ते उभं चित्र डोळ्याच्या पडद्यावर पसरतं. सेकंदाला १००० पिक्सल धावणारी वस्तू ६० हर्ट्झवर साधारण १७ पिक्सल पुसट होते, १२० वर ८, २४० वर ४. इथे पिक्सलचा वेग नाही, फ्रेम किती वेळ पेटलेली राहते ते महत्त्वाचं.

हे लोकांना खऱ्या अर्थाने समजलं ते २०१२-१३ च्या आसपास, आणि तेही अपघातानेच म्हणायचं. थ्रीडी चष्म्यांसाठी १२० हर्ट्झचे मॉनिटर आले होते, त्यात २०११ पासून लाइटबूस्ट नावाचं फीचर यायला लागलं. पिक्सल बदलत असताना बॅकलाइट (पॅनलमागचा दिवा) बंद, चित्र स्थिरावलं की क्षणभर फ्लॅश, म्हणजे एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात मिसळत नाही. हौशी मंडळींनी ते चष्म्याशिवाय टूडीत जबरदस्ती चालू करून बघितलं तर एकदम ट्यूबसारखी स्वच्छ हालचाल! ड्रायव्हरशी खटपट करावी लागायची, रंग बिघडायचे, उजेड निम्म्याहून खाली यायचा, तरी शूटर गेमवाले हट्टाने वापरायचे. थ्रीडी चष्मे मेले, फ्लॅश मात्र राहिला, आणि पुढे मॉनिटरच्या मेनूत सरळ 'ब्लर रिडक्शन' म्हणून बटण आलं.

आणि इथेच दुसरा बदल. फ्लॅश मारणाऱ्या मॉनिटरवर छापायला लागले '१ एमएस एमपीआरटी' (मूव्हिंग पिक्चर रिस्पॉन्स टाइम). हे माप डोळ्याला दिसणाऱ्या ब्लरचं, म्हणून खरं तर जास्त प्रामाणिक, पण अट सांगत नाहीत की हा आकडा फक्त फ्लॅश चालू असतानाचा. फ्लॅशशिवाय एवढं साधायला १००० हर्ट्झ लागतील. एमपीआरटी हा शब्द बारीक अक्षरात, '१ एमएस' मोठ्या, आणि घेणारा समजतो की दोन मॉनिटर सारखेच.

लॅगचं भांडण यातच गुंतलंय. फ्लॅश नीट दिसायचा तर दर फ्लॅशला नवी फ्रेम हवी, नाहीतर कडा दुहेरी दिसते, म्हणजे व्हीसिंक (ग्राफिक्स कार्डला मॉनिटरच्या तालावर थांबवणारी सेटिंग) चालू, आणि व्हीसिंक म्हणजे फ्रेमा रांगेत, रांग म्हणजे लॅग. २०१३ ला जी-सिंक जाहीर झालं, मागोमाग फ्रीसिंक. मॉनिटरच ग्राफिक्स कार्डची वाट बघणार, टिअरिंग (चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसणं) नाही आणि रांग पण नाही. पण मग फ्लॅशमधलं अंतर फ्रेमगणिक बदलणार आणि उजेड लुकलुकणार. त्यामुळे बरीच वर्षं मेनूत दोन्हीपैकी एकच निवडता यायचं. दोन्ही एकत्र देणारे मॉनिटर २०१९ च्या सुमारास आले, सुरुवातीला बरेच कच्चे, २०२४ ला पल्सर नावाने पुन्हा नवी घोषणा झाली.

मधल्या काळात लॅगचं बरंचसं काम मॉनिटरबाहेरच झालं. १२५ हर्ट्झचा माऊस (सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवणारा) ८ एमएसपर्यंत खायचा, तो १००० हर्ट्झवर १ वर आला. २०२० मध्ये रिफ्लेक्स नावाचं तंत्र आलं, ते प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डच्या पुढे पळून फ्रेमा साठवू देत नाही. रिस्पॉन्स टाइम आणि इनपुट लॅग एकच समजणारे अजून भेटतात, त्यांना इतकंच सांगतो की पिक्सल वेगाने बदलतो म्हणून क्लिक लवकर पोचत नाही.

२०२२ नंतर ओएलईडी (प्रत्येक पिक्सल स्वतःच उजळणारे) गेमिंग मॉनिटर आले आणि खोक्यावर ०.०३ एमएस आलं. पिक्सलचा प्रश्न तिथे खरंच मिटला, २०२४ मध्ये ४८० हर्ट्झचे ओएलईडी पण आले, त्यावर तीच धावती वस्तू २ पिक्सलच पुसट. पण त्याच पॅनलवर ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेमांवर) लॉक केलेला गेम लावा, फ्रेम १६.७ एमएसच उभी राहणार आणि ते १७ पिक्सल परत हजर.