ढाल, रांग आणि ‘आंद्रेइया’

धैर्याला ग्रीक शब्द ‘आंद्रेइया’. ‘आनेर’ म्हणजे पुरुष, त्यावरून तो आला, आपल्या ‘पौरुष’सारखाच. त्यामागे लढाईतली रांग आहे. ग्रीक पायदळातला हॉप्लाइट सुमारे 90 सेंटिमीटर व्यासाची, 6 ते 7 किलोंची गोल ढाल डाव्या हातावर पेलायचा. तिचा डावा भाग शेजाऱ्याची उघडी उजवी बाजू झाकायचा. एकाने पाय मागे घेतला की शेजारचा उघडा पडे. म्हणूनच ढाल टाकणाऱ्याचे नागरी हक्क अथेन्समध्ये काढून घेत.

प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात लाखेस आणि निकियास हे दोन सेनापती धैर्याची व्याख्या शोधतात. जागा न सोडता शत्रूला तोंड देतो तो शूर, असे लाखेस सांगतो. म्हणजे रांगेचाच नियम. सॉक्रेटिस विचारतो, मग पळता पळता लढणाऱ्या सिथियन घोडेस्वारांचे काय? इ.स.पू. 479 मध्ये प्लाटाइयाच्या लढाईत मागे हटून, पर्शियनांची फळी विस्कटताच उलटलेल्या स्पार्टनांचे काय? गंमत म्हणजे इ.स.पू. 424 मध्ये डेलियमच्या लढाईतल्या अथेन्सच्या पराभवातून सॉक्रेटिस कसा शांतपणे माघारी आला, हे लाखेसनेच त्याच संवादात कौतुकाने सांगितलेले असते. मग लाखेस म्हणतो, धैर्य म्हणजे मनाची चिकाटी. पण पोहता न येणाऱ्याने विहिरीत उडी टाकली, तर तो पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षा शूर का? निकियास म्हणतो, कशाला भ्यावे आणि कशाला नाही याचे ज्ञान म्हणजे धैर्य. विवेक इथे शिरतो. तरी संवाद उत्तराविनाच संपतो.

त्यात एक वाक्य जाता जाता येते: कायद्याने ज्योतिषी सेनापतीच्या हाताखाली असतो, सेनापती ज्योतिष्याच्या नव्हे. वाचणाऱ्या अथेन्सकराला ते झोंबले असणार. इ.स.पू. 413 मध्ये सिसिली बेटावरून अथेन्सच्या सैन्यावर माघार घ्यायची वेळ आली असता 27 ऑगस्टला चंद्रग्रहण लागले, आणि ज्योतिष्यांच्या सांगण्यावरून निकियासने 27 दिवस हलायचे नाही असे ठरवले. तिथल्या सिराक्यूज शहरवाल्यांनी बंदराचे तोंड अडवले, सैन्याचा नाश झाला, निकियासही मारला गेला.

अ‍ॅरिस्टॉटलने धैर्य भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मध्ये ठेवले. आपण त्याला ‘सुवर्णमध्य’ म्हणतो, पण ते सोने रोमन कवी होरेसचे. शिवाय हा मध्य बेरजेला दोनाने भागून निघत नाही. 10 मिना (ग्रीक वजन) खुराक जास्त आणि 2 मिना कमी, म्हणून वस्ताद सरसकट 6 सांगत नाही. मिलो पैलवानाला तो अपुरा, आखाड्यातल्या नवख्याला जड. माप ठरवणारा विवेक म्हणजे ‘फ्रोनेसिस’, आणि तो अनुभवाने येतो. भूमितीत तरुण तरबेज होतात, यात नाही.

धैर्यासारखी दिसणारी पाच रूपेही त्याने वेगळी काढली: लोकलाज, अनुभव, संताप, फाजील आशा आणि अज्ञान. यातले अनुभवाचे निरीक्षण सर्वात बोचरे आहे. पगारी सैनिक सराईत म्हणून शूर भासतात, पण संकट आवाक्याबाहेर गेले की आधी तेच पळतात. नागरिक जागेवर मरतात.

त्याचा शिष्य थिओफ्रास्टस व्याख्येच्या फंदात पडला नाही. त्याने 30 स्वभावचित्रे रेखाटली. त्यातला भित्रा लढाईचा गलका ऐकून ‘तलवार विसरलो’ म्हणत तंबूत परततो, ती उशीखाली लपवतो आणि मग बराच वेळ शोधत बसतो.