पीयूसी आहे, पण कॅट काढलेला आहे

छत्रपती संभाजीनगरच्या एका तरुणाने विचारलं: नोकरीसाठी इंग्लंडला चाललोय, पेट्रोल गाडी सोबत न्यायची आहे. रिमॅप करून घेतलीय, म्हणजे इंजिनच्या संगणकातला प्रोग्राम बदललाय, आणि धूर स्वच्छ करणारा डबा, म्हणजे कॅट, काढून सरळ पाईप टाकलाय. पीयूसी ताजी आहे, मग तिकडे अडवतील का?

अडवतील. पीयूसी असली की गाडी स्वच्छ, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. पीयूसीला पेट्रोल गाडी जागेवर उभी ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. फुफ्फुसाला त्रास देणारे आणि उन्हात ओझोन तयार करणारे वायू तर हेच.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते, चौरस इंचाला साधारण 400 बारीक नळ्या, आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. प्लॅटिनम आणि पॅलेडियमवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनला ऑक्सिजन जोडला जातो. ऱ्होडियमवर नायट्रोजनच्या ऑक्साइडचा ऑक्सिजन काढून घेतला जातो. म्हणजे एकाच डब्यात ऑक्सिजन द्यायचाही आहे आणि घ्यायचाही.

दोन्ही कामं एकाच वेळी होतात ती फक्त हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ असताना. हवा जास्त झाली की नायट्रोजनचे ऑक्साइड तसेच सुटतात, पेट्रोल जास्त झालं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हा पट्टा जेमतेम एखाद्या टक्क्याचा. तो पकडायला कॅटच्या अलीकडे ऑक्सिजन सेन्सर बसवतात. साध्या प्रकारच्या सेन्सरचं व्होल्टेज मिश्रण पेट्रोलकडे झुकलं की 0.9 च्या आसपास जातं, हवेकडे झुकलं की 0.1 च्या आसपास येतं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ते वाचून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, आणि मिश्रण त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सतत हलतं राहतं.

त्या हलण्याचं काय होतं? कॅटच्या थरात सेरियम ऑक्साइडही असतो. जादा ऑक्सिजन आला की तो धरून ठेवतो, कमी पडला की सोडतो. त्यामुळे कॅटच्या पलीकडचा दुसरा सेन्सर जवळपास सपाट रेषा दाखवतो. कॅट काढला की ही साठवण गेली. दुसरा सेन्सर पहिल्याची नक्कल करू लागतो, ईसीयूला ते कळतं, कॅट नीट काम करत नाही असं सांगणारा पी0420 हा कोड नोंदतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटतो. मला या सगळ्या व्यवस्थेतला हा भाग फार आवडतो: कॅटला हात न लावता, दोन तारांमधल्या फरकावरून त्याची तब्येत कळते.

गॅरेजवाले यावर दुसऱ्या सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे त्याला धुराच्या प्रवाहापासून दूर ठेवणारा तुकडा, बसवून देतात. दिवा विझतो, धूर तोच राहतो. ब्रिटनच्या एमओटी या गाड्यांच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत कारखान्यातून कॅट लावून आलेल्या गाडीला तो नसेल तर तिथेच नापास. शिवाय सर्वसाधारण कॅटवाल्या गाडीला इंजिन फिरवत ठेवून कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्क्याच्या आत आणि लॅम्डा 0.97 ते 1.03 मध्ये लागतो. लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष हवा भागिले नेमकी लागणारी हवा. कॅलिफोर्नियात इंजिनशी संबंधित बदललेल्या भागावर तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक पाहतात. तिथे कोड पुसून गेलात तर ओबीडीचे, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या दोष-तपासणी यंत्रणेचे, मॉनिटर 'तयार नाही' दाखवतात, आणि तेही नापासच.

इंधनाच्या नळीवर चुंबक लावून प्रदूषण कमी होतं, असं सांगून ते अजूनही विकतात. पेट्रोलच्या रेणूंवर त्या चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही. पैसे वाया घालवू नका.

आपल्याकडेही हे चालत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी फेरफार करता येत नाही.

म्हणून गाडी बंदराकडे धाडण्याआधी मूळ कॅट परत बसवा, ईसीयूत कंपनीचा मूळ मॅप टाका आणि दिवा पेटत नाही, हे पाहत काही दिवस शहरात आणि हायवेवर चालवा, म्हणजे मॉनिटर पूर्ण होतील. काढलेला कॅट गॅरेजमध्ये सोडून आला असाल तर आजच जाऊन आणा. आतल्या धातूंना चांगला भाव असल्याने तो भंगारात लगेच विकला जातो.